गोगलगाय आणि देवमासा

मुलांनो, पावसाळ्याच्या दिवसांत परसातल्या भिंतीवर, केळीच्या बुंध्यावर किंवा शाळेच्या कुंपणावर तुम्ही गोगलगाय पाहिली असेल. पाठीवर शंखाचे घर घेऊन ती सावकाश पुढे सरकते. तिला हळूच बोट लावले, की ती अंग आखडून घेते आणि क्षणार्धात घरात दडून बसते. वरून गरीब दिसणाऱ्या पण आतून लबाड असणाऱ्या माणसाला आपण 'गोगलगाय अन् पोटात पाय' असे म्हणतो. त्या बिचाऱ्या प्राण्यावर हा थोडासा अन्यायच होय. गोगलगाय निघून गेल्यावर तिच्या वाटेवर एक बारीक रेघ मागे राहते आणि सकाळच्या उन्हात ती रुप्यासारखी चमकते. ती रेघ म्हणजे गोगलगायीची लेखणी आहे आणि तिने आपल्याला काही लिहून ठेवले आहे, अशी कल्पना तुमच्या मनात कधी आली आहे काय?

इंग्लंडमधील ज्यूलिया डोनाल्डसन या लेखिकेने या कल्पनेवर एक छोटेसे पुस्तक रचले. त्याचे नाव 'द स्नेल अँड द व्हेल', म्हणजे 'गोगलगाय आणि देवमासा'. ते २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे आक्सेल शेफलर या चित्रकाराने काढली. ज्या मुलांना अजून अक्षरओळख झालेली नाही, अशांना मांडीवर बसवून वाचून दाखवण्यासाठी हे पुस्तक आहे. त्याची पाने थोडी, प्रत्येक पानावरच्या ओळी थोड्या आणि सगळी गोष्ट यमकबद्ध पद्यात सांगितलेली. ते मोठ्याने वाचून संपवायला फार वेळ लागत नाही.

'मग हे तान्ह्यांचे पुस्तक आम्हांला कशाला?' असे तुम्ही म्हणाल. तुमचे म्हणणे वरवर रास्त आहे. परंतु लहान मुलासाठी लिहिणे सोपे असते, असे मात्र समजू नका. मोठ्या माणसाला एखादे पान कंटाळवाणे वाटले, तर तो पुढचे पान चांगले असेल या आशेने वाचत राहतो. चार वर्षांचे मूल तसे करत नाही. ते सरळ उठून खेळायला निघून जाते. तेव्हा असे पुस्तक कसे घडते, त्यात शब्द काय करतात, चित्र काय करते आणि मैत्रीसारखी मोठी गोष्ट इतक्या थोड्या पानांत कशी मावते, हे समजून घेण्यासारखे आहे. त्यासाठी आधी ती गोष्ट ऐकू या.

एका बंदरात कोळशासारखा काळा खडक होता. त्या खडकाला पुष्कळ गोगलगायी चिकटून बसल्या होत्या. त्यांचे आयुष्य सुखाचे होते. जागचे हलायचे नाही, एवढाच त्यांचा नियम होता. परंतु त्यांतल्या एका चिमुकल्या गोगलगायीला जग पाहण्याची ओढ लागली. अशा माणसाचे पाऊल खाजते, असे इंग्रजीत म्हणतात. आपण म्हणतो, त्याच्या पायाला भिंगरी लागली आहे. यात एक गंमत आहे. गोगलगायीला पाय असतो एकच. तिच्या शरीराचा खालचा रुंद, मांसल भाग हाच तिचा पाय. तेव्हा तिच्या त्या एकुलत्या एक पायाला भिंगरी लागली होती! सोबतिणींनी तिला गप्प बसण्यास सांगितले. पण तिने ऐकले नाही. आपल्याला जगप्रवासाला कोणी नेईल काय, असा मजकूर तिने आपल्या रुपेरी रेघेने खडकावर लिहून ठेवला.

एके रात्री समुद्रातून एक अवाढव्य देवमासा आला. दूरच्या हिमपर्वतांचे, पोवळ्यांच्या गुहांचे आणि उंच लाटांचे गाणे त्याने तिला ऐकवले, आणि आपल्या शेपटीवर बसण्यास सांगितले. अशा रीतीने दोघे निघाली. त्यांनी बर्फाचे डोंगर पाहिले, आग ओकणारे ज्वालामुखी पाहिले, सोनेरी वाळूचे किनारे पाहिले. विजा कडाडल्या, लाटा उसळल्या, समुद्राच्या पोटातले रंगीबेरंगी मासे आणि भयंकर शार्क दिसले. एवढे अफाट आकाश, एवढी अथांग दर्या आणि एवढी विस्तीर्ण भूमी पाहून गोगलगाय थक्क झाली. या विश्वात आपण किती क्षुद्र आहोत, असे तिच्या मनात आले.

पुढे एके दिवशी प्रसंग ओढवला. वेगाने धावणाऱ्या यांत्रिक होड्यांच्या आवाजाने देवमासा गोंधळला, त्याची वाट चुकली आणि तो एका उपसागरात शिरला. इतक्यात ओहोटी लागली. पाणी मागे हटले आणि देवमासा वाळूवर उघडा पडला. एवढे बलाढ्य शरीर. पण त्याला तसूभरही हलता येईना. आता तो वाचणार कसा? त्याच्याजवळ एकच सोबतीण होती आणि ती होती बोटाच्या पेराएवढी.

मात्र ती हताश झाली नाही. सरपटत सरपटत ती किनाऱ्यावरच्या शाळेत पोचली. वर्ग चालू होता. गोगलगाय फळ्यावर चढली आणि देवमाशाला वाचवा, अशी विनंती तिने आपल्या रुपेरी रेघेने फळ्यावर लिहिली. मुलांनी ती वाचली मात्र, सारा वर्ग बाहेर धावला. गावकरी आले, आगीचा बंब आला. लोकांनी खणून पाणी साठवले, देवमाशाच्या अंगावर फवारे मारून त्याला थंड ठेवले. अखेर भरती आली. देवमासा पुन्हा तरंगू लागला आणि दोघे मित्र सुखरूप समुद्रात परतले. ती खडकापाशी आली तेव्हा तिथल्या गोगलगायींना ती मोठी झालेली वाटली. तिची हकीकत ऐकून त्या साऱ्याजणीही प्रवासासाठी देवमाशाच्या शेपटीवर चढल्या.

गोष्ट संपली. आता ती कशी घडवली आहे, ते पाहू.

प्रथम यमकाचा विचार करू. इंग्रजीत गोगलगायीला 'स्नेल' आणि देवमाशाला 'व्हेल' म्हणतात. शेपटीला 'टेल' म्हणतात, आणि कहाणी या अर्थाचा शब्दही उच्चाराने 'टेल' असाच आहे. मागे राहिलेल्या रेघेला 'ट्रेल' आणि जहाजाच्या शिडाला 'सेल' म्हणतात. पाहा, प्रवासाला निघणारी, तिला नेणारा, तिच्या बसण्याची जागा, तिची लिहिण्याची रेघ आणि सांगायची कहाणी, या सर्वांची नावे एकाच नादाने संपतात! जगातील सर्वांत संथ प्राण्यांपैकी एक आणि सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एक यांच्यात दुसरे काय साम्य आहे? काहीच नाही. परंतु भाषेने त्यांना आधीच शेजारी बसवून ठेवले आहे. दोघांच्या नावांचे यमक जुळते आणि गोष्टीत त्यांची मनेही जुळतात.

मराठीत मात्र अडचण येते. 'गोगलगाय' आणि 'देवमासा' या शब्दांचे यमक जुळत नाही. म्हणून अशा पुस्तकाचे भाषांतर शब्दाला शब्द ठेवून करता येत नाही. भाषांतर करणाऱ्याला आपल्या भाषेतला नाद नव्याने शोधावा लागतो. तुम्ही स्वतः प्रयत्न करून पाहा. 'गोगलगाय' या शब्दाशी जुळणारे शब्द कोणते? 'पाय', 'काय', 'साय' हे चटकन सुचतील. थोडा विचार केलात, तर 'उपाय' हा शब्द सापडेल. आता 'देवमासा' घ्या. 'फासा', 'खुलासा', आणि पुढे 'दिलासा'. कसे नवल आहे पाहा! संकटात ज्याला दिलासा हवा तो देवमासा, आणि जिला उपाय सुचतो ती गोगलगाय. इंग्रजीने त्या दोघांना एकमेकांशी जोडले. मराठी भाषा त्यांना त्यांच्या कार्याशी जोडते. प्रत्येक भाषेच्या पोटात अशी गुपिते दडलेली असतात आणि यमक शोधणाऱ्याला ती सापडतात.

यमकाखेरीज आणखी एक गोष्ट पद्याला लागते, ती म्हणजे ताल. आपल्या वृत्तांत लघू आणि गुरू अक्षरांचा क्रम ठरलेला असतो किंवा मात्रा मोजलेल्या असतात. ओवी आणि अभंग यांत अक्षरांच्या संख्येला महत्त्व असते. इंग्रजी पद्यात मुख्यतः आघात मोजतात. इंग्रजी शब्दाच्या एका अवयवावर जोर देऊन बोलतात आणि बाकीचे अवयव हलके उच्चारतात. हे जोर ठरावीक अंतराने आले, की झोपाळ्याच्या हेलकाव्यासारखी लय निर्माण होते. या पुस्तकातील ओळी अशा रचल्या आहेत, की त्या वाचताना लाटांवर वरखाली होत असल्याचा भास व्हावा.

यमकाचा लहान मुलाला उपयोग काय? आपल्या आजीने आपल्याला बडबडगीते म्हणून दाखवली, तेव्हा तिने हा प्रश्न विचारला नव्हता. पण तिला उत्तर ठाऊक होते. जात्यावरच्या ओव्या कित्येक पिढ्या कागदावाचून टिकल्या, त्या ताल आणि यमक यांच्या जोरावर. जे नादात बांधलेले असते ते मनात राहते. शिवाय ओळीच्या शेवटी वाचणारा क्षणभर थांबला, की मूल पुढचा शब्द आपण होऊन म्हणते. त्याला वाचता येत नसते, तरी ते पुस्तकात सहभागी होते. दोन शब्दांचा शेवट सारखा आहे हे ज्या दिवशी त्याच्या कानाला कळते, त्या दिवशी शब्द हे सुट्या ध्वनींचे बनलेले असतात हेही त्याला नकळत समजू लागते. अक्षर ओळखण्याची ती पहिली पायरी होय.

हे कौशल्य या लेखिकेला एका दिवसात साधलेले नाही. ज्यूलिया डोनाल्डसन यांचा जन्म १९४८ साली लंडनमध्ये झाला. ब्रिस्टल येथील विद्यापीठात त्यांनी नाट्यशास्त्र आणि फ्रेंच भाषा यांचा अभ्यास केला. पुढे पुष्कळ वर्षे त्या गाणी रचत आणि पतीबरोबर ती गाऊन दाखवत. मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठीही त्यांनी गीते लिहिली. त्यांतील एका गीताचे १९९३ साली पुस्तक झाले, तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या घरात होत्या. ते त्यांचे पहिले चित्रपुस्तक. १९९९ साली आलेल्या 'द ग्रफलो' या पुस्तकाने त्यांचे नाव देशोदेशी पोचले. २०११ ते २०१३ या काळात 'चिल्ड्रन्स लॉरिएट', म्हणजे बालसाहित्याच्या मानाच्या लेखकाचे पद त्यांनी भूषवले. म्हणजे त्यांनी प्रथम कानासाठी लिहिले आणि नंतर पानासाठी. म्हणूनच त्यांच्या ओळी जिभेवर अडखळत नाहीत.

आता चित्रांकडे वळू. आक्सेल शेफलर यांचा जन्म १९५७ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग या शहरात झाला. हॅम्बुर्ग हेही मोठे बंदरच. १९८२ साली चित्रकला शिकण्यासाठी ते इंग्लंडमध्ये आले आणि तिथेच राहिले. या पुस्तकाची चित्रे काढताना त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न होता. देवमासा पूर्ण दाखवावा, तर त्याच्या शेपटीवरची गोगलगाय टिंबाएवढी होते. गोगलगाय स्पष्ट दाखवावी, तर देवमासा पानात मावत नाही. मग करायचे काय?

यावर चित्रकाराने काढलेली तोड मजेदार आहे. त्याने काही पानांवर गोगलगाय टिंबाएवढीच राहू दिली. पान उलटले, की मुलाचे डोळे आधी तिचा शोध घेतात. एवढ्या मोठ्या चित्रात 'ती कोठे आहे?' हा प्रश्न, आणि 'ही बघ!' हा आनंद. शब्द वाचायचे काम मोठ्या माणसाचे असते. चित्र वाचायचे काम मूल करते. पुष्कळदा मोठ्या माणसाच्या नजरेतून सुटलेली वस्तू त्यालाच प्रथम दिसते. शिवाय त्या लहान वाचकालाही घरात अनेकदा आपण टिंबाएवढे आहोत असे वाटतच असते. टेबल उंच, माणसे उंच, दाराची कडी उंच. म्हणून तो गोगलगायीला केवळ शोधत नाही. तिच्यात स्वतःला ओळखतो.

चित्रपुस्तकात पान उलटण्यालाही अर्थ असतो. अशी पुस्तके बहुधा बत्तीस पानांची असतात. छपाईचा मोठा कागद घड्या घालून कापला, की सोळा पाने मिळतात. असे दोन कागद मिळून बत्तीस पाने होतात. एवढ्याच जागेत गोष्ट बसवायची म्हटल्यावर कोणता प्रसंग उजव्या पानावर थांबवावा आणि कोणता उलटल्यावर उघड व्हावा, हे ठरवावे लागते. ओहोटी लागली, देवमासा वाळूवर पडला; आता पुढे काय? हा प्रश्न मनात घेऊनच मुलाचा हात पानाच्या कोपऱ्याकडे जातो.

शब्दांना चित्रांची जोड देऊन मुलांना शिकवण्याची रीत मात्र जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक तयार केले होते. चित्र आणि शब्द यांनी मिळून एकच गोष्ट सांगायची, असे पुस्तक पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये रूढ झाले. त्यात चित्र ही शब्दांची दासी नसते. ज्या गोष्टी शब्द सांगत नाहीत, त्या चित्र सांगते. आणि ज्या चित्रात मावत नाहीत, त्या शब्द सांगतात. म्हणजे पुस्तकाच्या पानावर शब्द आणि चित्र यांचीही मैत्रीच असते.

आता मैत्रीकडे येऊ. लहानाने मोठ्याला वाचवल्याच्या कथा आपल्याला नव्या नाहीत. पंचतंत्रात जाळ्यात सापडलेल्या कबुतरांचे पाश हिरण्यक नावाचा उंदीर कुरतडतो, आणि हत्तींची बंधने उंदरांनी तोडल्याचीही कथा त्यात आहे. तिथे उंदराचे दात कामी येतात. गोगलगायीला तसे शस्त्र नाही. तिच्या अंगी बळ नाही, वेग नाही, आवाजही नाही. तिच्याजवळ आहे ती एक रेघ; आणि तिला लिहिता येते. या गोष्टीत ती दोनदा लिहिते. पहिल्या वेळी ती स्वतःची इच्छा लिहिते. दुसऱ्या वेळी ती मित्राची निकड लिहिते. लेखणी तीच, अक्षरेही तीच. पण या दोन लिखाणांच्या मध्ये एक मैत्री घडून गेली आहे. परतल्यावर खडकावरच्या गोगलगायींना ती मोठी झालेली वाटते, तेव्हा ती शंखाने किती वाढली हे मोजण्याची गरज उरत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. देवमाशाने तिला जग दाखवले, म्हणून तिने परतफेड केली, असा हा हिशेब नाही. देवमाशाला तिच्याकडून काही मिळण्यासारखे नव्हते, तरी तो तिला घेऊन गेला. आणि तो संकटात पडला तेव्हा आपण लहान आहोत, आपल्याने काय होणार, असे म्हणून ती स्वस्थ बसली असती, तरी तिला कोणी दोष दिला नसता. आपल्या दुबळेपणाची सबब पुढे करण्याचा हक्क असूनही जो ती पुढे करत नाही, तो खरा मित्र.

ही गोष्ट कल्पित आहे. पण तिच्यातील संकट कल्पित नाही. पुस्तकातला देवमासा हंपबॅक जातीचा आहे. पोहताना पाठीला बाक येतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले. तो चौदा ते सोळा मीटर लांब वाढतो आणि त्याचे वजन पंचवीस-तीस टन भरते. त्याला आपण मासा म्हणतो. परंतु तो मासा नव्हे. तो सस्तन प्राणी असून आपल्याप्रमाणे हवेत श्वास घेतो. त्याचे नर खरोखरच लांबलचक गाणी गातात. त्याच्या शेपटीच्या खालच्या बाजूवर काळ्यापांढऱ्या रंगाची नक्षी असते आणि ती प्रत्येक देवमाशाची निराळी असते. माणसे बोटांच्या ठशांवरून ओळखली जातात, तसे शास्त्रज्ञ शेपटीवरून देवमासे ओळखतात. अरबी समुद्रातही हंपबॅक आहेत. त्यांची संख्या फार थोडी असून ते इतर हंपबॅकांसारखे दूरदूरचे प्रवास करत नाहीत.

एवढा बलवान प्राणी वाळूवर आला, की असहाय का होतो? समुद्रात असताना त्याचा भार पाणी उचलते. जमिनीवर हा आधार नाहीसा होतो आणि त्याच्याच प्रचंड वजनाखाली त्याची फुप्फुसे व इतर अवयव दबू लागतात. थंड पाण्यात ऊब राहावी म्हणून त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. तोच थर उन्हात त्याला भट्टीसारखा तापवतो. म्हणून पुस्तकातील लोक त्याच्यावर पाण्याचे फवारे मारतात, ते शास्त्राला धरूनच आहे. होड्यांच्या आवाजाचेही तसेच. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मीटर. अंधाऱ्या पाण्यात देवमासे मुख्यतः कानांवर विसंबून असतात. यंत्रांच्या गोंगाटाचा त्यांना उपद्रव होतो. देवमासे किनाऱ्याला लागण्याची कारणे आजार, दुखापत, वाट चुकणे अशी अनेक असतात. गोंगाट हे त्यांतले एक असू शकते.

एके काळी देवमासा दिसताच माणसे भाला घेऊन धावत. त्याच्या चरबीच्या तेलासाठी त्याची अतोनात शिकार झाली. हंपबॅकच्या व्यापारी शिकारीवर १९६६ साली बंदी आली आणि १९८६ पासून आंतरराष्ट्रीय मंडळाने सर्वच मोठ्या देवमाशांची व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्बंध लागू केला. सर्वच देशांनी तो पाळला असे नाही. तरी त्यामुळे अनेक देवमासे वाचले. तेव्हा या पुस्तकात मुले देवमाशाकडे बादल्या घेऊन धावतात, यात माणसाच्या मनाने किती लांबचा प्रवास केला आहे, हेही दिसते.

असा प्रसंग आपल्या कोकणातही घडला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गणपतीपुळे येथे देवमाशाचे एक पिल्लू किनाऱ्याला लागले. ग्रामस्थ, वनखात्याची माणसे आणि इतर अनेकजण त्याच्या मदतीला धावले. त्याच्या अंगावर त्यांनी पाणी ओतले, ओली कापडे पांघरली, रात्रीचा दिवस केला आणि अखेर त्याला ओढून समुद्रात नेले. परंतु ते पिल्लू जगले नाही. पुस्तकात भरती वेळेवर येते. आयुष्यात ती प्रत्येक वेळी येतेच असे नाही. मग त्या माणसांचे श्रम वाया गेले काय? तसे म्हणता येणार नाही. वाचवण्याची खात्री नसताना त्यांनी धाव घेतली. जिची भाषा आपल्याला येत नाही अशा जिवाची निकड त्यांनी वाचली. फळ्यावर लिहिलेले नव्हते, तरी वाचली.

२०१९ सालच्या नाताळात या पुस्तकावरचा चित्रपट इंग्लंडमध्ये दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला. पण अशा पुस्तकाचे खरे स्थान पडद्यावर नसून वाचणाऱ्याच्या मांडीवर असते. तुमच्या घरी किंवा शेजारी चार-पाच वर्षांचे एखादे भावंड असेल. त्याला एके संध्याकाळी जवळ घ्या आणि एखादे चित्रपुस्तक मोठ्याने वाचून दाखवा. ते जवळ नसेल, तर ही गोगलगायीची गोष्ट आपल्या शब्दांत सांगा. जमल्यास 'उपाय' आणि 'दिलासा' हे शब्द ओळींच्या शेवटी आणून दोन-चार ओळी स्वतः रचा. ओळीच्या शेवटी जरा थांबा. ते मूल तुमच्या आधीच तो शब्द म्हणेल, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहा.

आणि पुढच्या पावसाळ्यात भिंतीवर ती रुपेरी रेघ दिसली, तर ती लगेच पुसून टाकू नका. तिच्यात अक्षरे नसतील. पण जे बोलू शकत नाहीत त्यांचेही काही मागणे असू शकते, एवढी आठवण ती रेघ तुम्हांला खचित करून देईल.